अर्धा चमचा गंज

१

बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता अठरा मिलिग्रॅम फॉस्फरस नाहीसा झाल्याचं उघडकीला आलं. चोरी म्हणून ही फारच किरकोळ. चिमूटभर मिठातही यापेक्षा जास्त ऐवज असतो. पण त्यापायी दुपारी बाराच्या आत नमिता चांदवडकरचं ऑफिसातलं कार्ड बंद झालं, आणि एकाच्या आत कँटीनमध्ये तिच्या टेबलावर बसायची लोकांना अडचण वाटू लागली.

कतारमध्ये पाणी दोनदा कामाला लावतात. माणसांनी वापरलेलं पाणी शुद्ध करून रस्त्याकडेच्या झाडांना घालतात, उरलेलं तळ्यात सोडतात. त्यात फॉस्फरस शिल्लक असतो, आणि त्यावर तळ्यात शेवाळ माजतं. नमितानं यावर एक तपकिरी पावडर तयार केली होती. लोहाचा ऑक्साइड, म्हणजे घरगुती भाषेत गंजच. पण असा बारीक की त्याच्या कणापुढे पिठाचा कण डोंगराएवढा. ही पावडर पाण्यात टाकली की फॉस्फरस तिला जाऊन चिकटतो. मग लोहचुंबकानं पावडर ओढून काढायची आणि मातीत मिसळायची. तिथे झाडांची मुळं तो फॉस्फरस सावकाश सोडवून घेतात. तळंही स्वच्छ, झाडंही खूश. वर्षभर आकडे छान येत होते.

कंपनीचे रंगनाथ सर म्हणाले, आकडे आपलेच, तपासणारे आपणच; एकदा बाहेरच्या माणसाकडून खात्री करू. म्हणून बाहेरच्या प्रयोगशाळेकडे एकेक लिटरच्या सहा बाटल्या गेल्या. तीन पावडर टाकण्याआधीच्या पाण्याच्या, तीन नंतरच्या. नंतरच्या बाटल्यांत फॉस्फरस नव्हता. तो नसावा म्हणूनच तर सगळी खटपट होती. पण आधीच्या बाटल्यांतही नव्हता.

याचा अर्थ रंगनाथ सरांनी अगदी हळू आवाजात सांगितला. पाण्यात जे नव्हतंच, ते नमिता वर्षभर पकडून दाखवत होती. रविवारी समिती बसेल. तोवर काही सांगण्यासारखं असेल तर सांगा.

नोकरी दुसरी मिळते. पण ‘आकडे बनवणारी बाई’ असं नाव एकदा लागलं, की पुढे कुठल्याही प्रयोगशाळेचं दार उघडत नाही. रविवारला चार दिवस होते.

२

मुऐदर वस्तीतल्या एका व्हिलाचे मालकानं पाच भाग केले होते. त्यातल्या मागच्या भागात चांदवडकर राहत. नमिता, तिचा नवरा मिहीर, आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर नाशिकहून आलेल्या मिहीरच्या आई, सरोजताई.

सरोजताई एका कॉलेजात एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहाय्यक होत्या. त्या काळात तिथून किती शास्त्रज्ञ निघाले हे सांगता येत नाही, पण तिथली प्रत्येक बाटली धुतलेली असे. प्राध्यापक प्रयोग फसल्यावर त्यांच्याकडे बघत. त्या बाटलीकडे बघत.

नमितानं घरी येऊन छातीवरचा नावाचा बिल्ला ओढून काढला आणि भिरकावला. मागे लोहचुंबक असलेला बिल्ला तो. मागच्या अंगणात तुळशीच्या कुंडीखाली जाऊन पडला. चारच दिवसांपूर्वी तुळशीचं लग्न झालं होतं. उसाची दोन टिपरी अजून उभी होती, कुंडीवर ताजा गेरू होता. सरोजताईंनी वाकून बिल्ला उचलला, तर चुंबकाला तपकिरी दाढी फुटलेली. ऑफिसातली पावडर लागली असणार असं म्हणून त्यांनी ती पदरानं पुसली. पदराला डाग पडला. त्या पदराबद्दल दिवसभर हळहळल्या.

मिहीर लवकर घरी आला. त्यानं चहा केला, तोही आलं किसून. बायकोच्या पाठीवरून हात फिरवला. ही माणसं तुझ्या लायकीची नाहीत म्हणाला. आपण सरळ पुण्याला जाऊ, नव्यानं सुरुवात करू म्हणाला. सामान बांधायची खोकी मागच्याच आठवड्यात आणून ठेवली होती, कधी लागतील सांगता येत नाही म्हणून. इतका समजूतदार नवरा शेजारणींना दाखवायला न्यावा असा होता.

‘‘खोकी राहू देत,’’ सरोजताई म्हणाल्या. ‘‘आधी मला सांग, नमिता, ते पाणी कुणाचं?’’

पाणी कामगारांच्या वसाहतीकडून आलेलं, हजारो माणसांचं. सरोजताईंनी चष्मा पुसला.

‘‘हजारो माणसं जेवतात, अंघोळ करतात, कपडे धुतात, आणि त्यांच्या सांडपाण्यात फॉस्फरस नाही. मग ही माणसं आहेत की पुतळे? नळातनं तो आला होता. बाटलीत नाहीसा झाला.’’

‘‘आई, बाटल्या सीलबंद होत्या. सील तुटलेलं नाही.’’

‘‘मग तो अजून बाटलीतच आहे,’’ सरोजताई म्हणाल्या आणि कुकर लावायला उठल्या.

३

नमिताचा संशय गार्गीवर होता. दोघी एकाच खोलीत बसत, एकमेकींचा डबा खात. नमिता गेली तर प्रकल्प गार्गीकडे जाणार हे उघड होतं. बुधवारी कँटीनमध्ये गार्गी तिच्या टेबलाकडे फिरकली नव्हती. नमिताला ते अहवालापेक्षा जास्त लागलं होतं.

दुसरा संशय इरशादवर. इरशाद रत्नागिरीचा, कंपनीचा ड्रायव्हर. आदल्या आठवड्यात गुरुवारी सकाळी साइटवरच्या नळावर रंगनाथ सरांच्या माणसासमोर बाटल्या भरल्या, तिथेच सील झाल्या, आणि खोकं घेऊन इरशाद निघाला. पण गाडीच्या नोंदीत दिसत होतं की तो प्रयोगशाळेत जायच्या आधी एशियन टाउनच्या बाजारात पाऊण तास थांबला. का, हे त्यानं ऑफिसात सांगितलं नव्हतं.

सरोजताईंनी गार्गीला पोह्यांना बोलावलं. नमिता आतल्या खोलीत जाऊन बसली. गार्गी आली, पोह्यांवर लिंबू पिळलं आणि रडायला लागली. तिला सरांनी नमिताशी बोलायची मनाई केली होती. त्यामुळे तिनं बोलण्याऐवजी अहवालाची प्रत आणली होती, आणि पर्समध्ये टॉवेलात गुंडाळलेली एक तपकिरी काचेची बाटली. तपासणी झाल्यावर उरलेलं पाणी प्रयोगशाळा परत पाठवते. ‘आधीचं’ अशा चिठ्ठीच्या तीन बाटल्यांपैकी ही एक. उरलेल्या दोन सरांच्या कपाटात होत्या.

‘‘या बाटलीची ऑफिसात कुणी दखलच घेत नव्हतं, काकू. उद्या पकडले गेले तर माझंही खलास.’’

आतल्या खोलीचं दार उघडलं. नमिता बाहेर आली आणि गार्गीच्या बशीत आणखी पोहे वाढले. माफी मागायची ही पद्धत दोघींना परवडणारी होती.

सरोजताई अहवाल वाचत होत्या. इंग्रजी त्या बोटानं वाचत. शेवटी बारीक अक्षरात शेरा होता: आधीच्या तिन्ही नमुन्यांत गाळण कागदावर किंचित गंज आढळला, वरचं नितळ पाणी तपासलं. नंतरच्या नमुन्यांत गंज नाही.

‘‘पावडर कुठल्या पाण्यात टाकता तुम्ही?’’

‘‘नंतरच्या,’’ दोघी एकदम म्हणाल्या, आणि अहवालावर वाकल्या.

ज्या पाण्याला पावडर कधी शिवली नव्हती, त्यातच गंज सापडला होता.

४

नमिताला प्रयोगशाळा बंद असल्यानं प्रयोग ओट्यावर झाला.

बाटलीतलं वरचं पाणी सरोजताईंनी ओतून बाजूला ठेवलं. तळाशी तपकिरी गाळाचा पातळ थर राहिला. फ्रिजवरचा उंटाचा चुंबक बाटलीला बाहेरून लावला, तर गाळ सगळा उंटाकडे सरकला. नमितानं स्वतःची पावडर ओळखली. कुणी आपलंच मूल दुसऱ्याच्या दारात उभं बघावं तसा तिचा चेहरा झाला.

फॉस्फरस गंजाला घट्ट धरतो, पण खाराच्या पाण्यात त्याची पकड सुटते. ऑफिसात त्यासाठी कॉस्टिक सोडा असतो. इथे सरोजताईंनी नाशिकहून आणलेला पापडखार होता. तो कोमट पाण्यात विरघळवून त्यांनी गाळावर ओतला आणि दोन तास कुणालाही बाटलीला हात लावू दिला नाही. पाण्यात पुरेसा खार उतरला की नाही ते हळद लावलेल्या कागदावर थेंब टाकून पाहिलं. कागद लाल झाला. मग थोडं नितळ पाणी वेगळं काढून हळद लाल होईनाशी होईपर्यंत त्यात व्हिनेगर घातलं.

गार्गीकडे मासे होते. माशांच्या टाकीतला फॉस्फेट तपासायची छोटी पेटी मिळते. दोन औषधांचे थेंब टाकायचे, फॉस्फेट असेल तर पाणी निळं होतं. सरोजताईंनी आधी नुसता पापडखार आणि व्हिनेगर घातलेल्या साध्या पाण्याची तपासणी केली. ते रंगहीन राहिलं. बाटलीचं ओतून ठेवलेलं पाणी तपासलं. तेही रंगहीन. मग गाळातून सुटलेल्या पाण्यात थेंब टाकले.

ते इतकं निळं झालं की पेटीवरच्या रंगांच्या पट्टीतला शेवटचा निळाही त्यापुढे फिका वाटला.

‘‘सापडला,’’ सरोजताई म्हणाल्या. मग त्यांनी बाटली उजेडात धरली आणि बराच वेळ धरून ठेवली.

‘‘सील नळावर झालं. सगळ्यांसमोर. म्हणजे पावडर त्याआधीच आत होती. कोरड्या बाटलीत, आतून लावून वाळवलेली. तपकिरी काचेत तपकिरी लेप दिसतो कशाला? नमिता, आदल्या दिवशी रिकाम्या बाटल्या कुठे होत्या?’’

नमितानं जेवणाच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

५

सकाळी साइटवर घाई नको म्हणून तिनं आदल्या आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळीच रिकाम्या बाटल्या घरी आणल्या होत्या आणि टेबलावर बसून चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ‘आधीचं’, ‘नंतरचं’. सुवाच्य अक्षर. पावडरीची एक लोणच्याची बरणी घरातच होती. महाराष्ट्र मंडळात मुलांना चुंबकाची गंमत दाखवायला आणलेली, ती परत न्यायची राहून गेली होती. बरणी काढून बघितली. मंडळात ती गळ्यापर्यंत भरलेली होती. आता पोटापर्यंत.

त्या रात्री गार्गी घरी आली नव्हती. इरशाद आला नव्हता. नमितानं हे मोठ्यानं म्हटलं नाही. सरोजताईंनीही नाही. गार्गीला अचानक माशांना खायला घालायची आठवण झाली.

शनिवारी सकाळी इरशाद नमिताच्या टेबलावरचं सामान द्यायला आला. सरोजताईंनी त्याला बसवलं, चहा दिला, आणि कोकणातल्या जमिनीची चौकशी केली. जमिनीचा विषय निघाला की रत्नागिरीचा माणूस चहा गार होईपर्यंत उठत नाही. इरशाद म्हणाला, तांबडी माती मोठी खादाड. खत घाला, कलमापर्यंत पोचायच्या आधी मातीच गिळते. नमिताताईंची पावडर म्हणजे आमची मातीच, शिकून इकडे आलेली.

‘‘आणि त्या दिवशी एशियन टाउनला काय गिळत होतास?’’

इरशाद ओशाळला. भूक लागली होती, काकू. खोकं गाडीत कुलपात होतं. ऑफिसात सांगितलं नाही, कारण ड्युटीवर बिर्याणी खाणं नियमात बसत नाही.

‘‘मिहीरभाईंना विचारा ना. ते भेटले होते तिथं, रहमानच्या दुकानात. तुमच्यासाठी गेरू शोधत होते. रहमान म्हणाला, गेरू गणपतीलाच संपला, आता इन्शाल्ला पुढच्या महिन्यात. मी म्हटलं, काकू रागावतील आता. भाई हसले. रिकाम्या हातानं गेले बिचारे.’’

इरशाद गेला. कप तसाच होता. सरोजताई मागच्या दारात उभ्या होत्या, तुळशीसमोर.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, मागच्या शुक्रवारी सकाळी, मिहीरनं स्वतः कुंडी रंगवली होती. लहानपणापासून या मुलानं घरातलं काही रंगवलं नव्हतं, म्हणून त्यांनी फोटो काढून नाशिकला दहा जणींना पाठवला होता.

त्या आत गेल्या आणि फ्रिजवरचा उंट काढून आणला. गेरू कधी चुंबकाच्या मागे धावत नाही. त्यांनी उंट कुंडीवरून एकदाच फिरवला.

उंटाला दाढी फुटली.

६

मिहीर दुपारी आला तेव्हा टेबलावर चार वस्तू होत्या: बाटली, लोणच्याची बरणी, उंट, आणि डाग पडलेला पदर वर ठेवून घडी केलेलं लुगडं. नमिता खुर्चीवर होती. सरोजताई उभ्याच होत्या.

त्यानं वस्तूंकडे बघितलं आणि बूट काढायचा थांबला.

हे त्याला जमलं कसं, हा प्रश्नच नव्हता. नमितानं आपलं सादरीकरण त्याच्यासमोर निदान वीस वेळा म्हणून दाखवलं होतं. तो मोबाइलमध्ये बघत ‘हं’ म्हणायचा. नवरा बायकोचं बोलणं इतकं लक्ष देऊन ऐकतो, यावर कुठल्याही समितीनं विश्वास ठेवला नसता. तीच त्याची ढाल होती.

‘‘बाटलीमागे अर्धा चमचा,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘थोडी कालवलेली उरली होती.’’

‘‘मग फेकायची,’’ सरोजताई म्हणाल्या.

‘‘तूच शिकवलंस, उरलेलं फेकायचं नाही. आणि तू चार दिवस गेरू गेरू करत होतीस.’’

वस्तू वाया न घालवण्याचं आणि आईचं मन राखण्याचं वळण सरोजताईंनीच लावलं होतं, आणि दोन्ही एकाच कुंडीवर उमटलं होतं.

पुण्याची नोकरी त्यानं ऑगस्टमध्येच स्वीकारली होती. जानेवारीत रुजू व्हायचं होतं. नमिताला सांगणार होता. पण तिचा प्रकल्प चांगला चालला होता, तिला स्वतःची प्रयोगशाळा मिळायची होती, मग ती कशाला आली असती? त्याला वाटलं, एक चाचणी फसेल, प्रकल्प गुंडाळतील, ती दोन दिवस रडेल, आणि मग निघू. तिला कुणी खोटारडी म्हणेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

‘‘बुधवारी आलं ना डोक्यात?’’ नमितानं विचारलं. ‘‘बुधवारी मी इथेच बसले होते. तू आलं किसत होतास.’’

मिहीरनं बुटाची सुटलेली नाडी पुन्हा बांधली.

‘‘तू मला विचारायचं होतंस.’’

‘‘तू नाही म्हणाली असतीस.’’

‘‘हो,’’ नमिता म्हणाली. ‘‘म्हणूनच विचारतात.’’

मग तो आईकडे वळला. आपण हे घरातच मिटवू म्हणाला. बाटलीत गंज कसा आला कुणाला ठाऊक, एवढंच सांगायचं. बाटल्यांचा दोष, नमिता सुटेल. आवाज मऊ होता, पाठीवर हात फिरवतानाचा.

‘‘पावडर हिच्याशिवाय कुणाकडे नाही,’’ सरोजताई म्हणाल्या. ‘‘कुणी टाकली ते सांगितलं नाही, तर हिनंच टाकली म्हणतील. हे तुला कळतंय, मिहीर. तुला हे सगळं फार छान कळतं.’’

त्यांनी तुळस मुळांसकट अलगद काढली आणि प्लास्टिकच्या बादलीत लावली. रिकामी कुंडी वर्तमानपत्रात गुंडाळली.

७

रविवारी समितीसमोर एक साठी उलटलेली बाई मातीची कुंडी कुशीत घेऊन आली, हे कंपनीच्या इतिहासात प्रथमच घडलं. सुरक्षारक्षकानं कुंडीलाही पाहुण्यांचा पास द्यावा का, हे फोन करून विचारलं.

रंगनाथ सरांनी सगळं ऐकून घेतलं. सरोजताई हिंदीत बोलल्या, अडेल तिथे मराठीत, आणि गार्गी सांगत गेली. सरांच्या कपाटातल्या दोन बाटल्या त्यांच्यासमोर काढल्या, गाळासकट तपासायला पाठवल्या. या वेळी बिर्याणीला परवानगी देऊन इरशादला पाठवलं. संध्याकाळी निकाल आला. लिटरमागे सहा मिलिग्रॅम, जितका नळात असायला हवा तितकाच. सगळाच्या सगळा गाळात. वरच्या पाण्यात शून्य.

सरांनी विचारलं, पावडर बाटल्यांत टाकली कुणी? नमितानं तोंड उघडलं, पण सरोजताईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

‘‘मेरे बेटेने,’’ त्या म्हणाल्या. मग कागद मागून घेतला, ते मराठीत लिहिलं, पूर्ण नाव घालून, आणि खाली सही केली. एकतीस वर्षं फुटलेल्या काचसामानाची नोंद त्या अशाच करत: काय फुटलं, कुणाच्या हातून, तारीख.

मिहीर बुधवारच्या विमानानं गेला. खोकी त्याच्या उपयोगी पडली. सरोजताईंचा व्हिसा आणखी सात आठवडे होता. त्या कुणाच्या घरी राहणार हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. संध्याकाळी दोघींसाठी भात टाकला.

पुढच्या आठवड्यात प्रकल्पाचा अंतिम अहवाल भरायचा होता. नमितानं तो घरी, त्याच टेबलावर भरला. रंगनाथ सरांच्या आग्रहानं त्यात एक रकाना वाढवला होता: पावडरीची परिणामकारकता बाहेरच्या व्यक्तीनं स्वतंत्रपणे तपासली आहे काय?

तपासली होती. तीन सीलबंद बाटल्या, प्रत्येकी अर्धा चमचा, कुणाची मदत नाही, आणि पावडर चालते असं दाखवून देण्याची तपासणाऱ्याला मुळीच इच्छा नाही. शास्त्रात यापेक्षा निःपक्षपाती चाचणी नसते. निकाल: पाण्यातला फॉस्फरस शून्य.

नमितानं ‘होय’वर खूण केली. खाली बाहेरच्या व्यक्तीचं नाव विचारलं होतं. पेन थोडा वेळ थांबलं.

सरोजताई समोर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

‘‘पूर्ण नाव लिही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चांदवडकर लिहिताना ‘व’ सुटतो तुझा.’’